बिभीषणरावांनी झोडपलेला पिक्चर

सोलापुरात शुक्रवार पेठेत चष्म्याच्या इतर दुकानांत चष्मे मिळतात. बिभीषण वाघमोडे यांच्या दुकानात चष्म्याबरोबर मतंही मिळतात, आणि ती ऐकून घेतल्याशिवाय गिऱ्हाइकाची सुटका होत नाही. मतं सिनेमाविषयी असतात. कारण बिभीषणराव नुसते चष्मेवाले नाहीत, ते 'दैनिक भुईकोट'चे चित्रपट समीक्षक आहेत. दर शनिवारी त्यांचं 'पडदा फाडताना' हे सदर येतं. संपादकांनी आधी 'रुपेरी दुनिया' असं नाव सुचवलं होतं. ते ऐकून बिभीषणरावांनी त्या दिवशी रात्रीचं जेवणसुद्धा टाकलं होतं, असं त्यांच्या पत्नी केसरबाई अजून सांगतात.

गडी मूळचा करमाळ्याकडचा, उजनीच्या पाण्याकाठच्या गावातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. शिकायला म्हणून सोलापुरात आला आणि चष्म्याच्या धंद्यात पडला. आईबापांनी नाव ठेवलं बिभीषण. खुद्द सख्ख्या भावाला तोंडावर चूक सांगणाऱ्याचं नाव आपल्याला मिळालंय, त्याला जागलं पाहिजे, असं ते मनापासून मानत आले. मेव्हण्यानं गणपतीत बसवलेल्या नाटकावर त्यांनी असं काही लिहिलं होतं की मेव्हणा नाटकही विसरला आणि दिवाळीला बहिणीला न्यायलाही विसरला.

त्यांच्या समीक्षेला शिस्त होती. शुक्रवारचा दुपारचा पहिला खेळ, कडेची खुर्ची, सोबत कुणी नाही. जायच्या आधी फक्त ताक प्यायचं, कारण भरल्या पोटाला सगळेच पिक्चर चांगले वाटतात. आत हसायचं नाही. हसू फारच आलं तर रुमाल दातात धरायचा. आणि बघायचं काय, तर दोष. "भिंगाची काच आम्ही उजेडात कशाला धरतो? ओरखडा दिसावा म्हणून," ते गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम टेकवता टेकवता सांगत. "काच चांगली आहे हे सांगायला मी कशाला पाहिजे? ते आंधळ्यालाही कळतं." पेपरात पाच तारे द्यायची पद्धत होती. बिभीषणराव अडीचच्या वर कधी चढले नाहीत. पाच तारे ते फक्त देवाला देणार होते, तेही वर गेल्यावर, काम बघून.

जवळचं वाचायचा नंबर तपासायला सगळीकडे छापील कार्ड असतं. बिभीषणरावांनी ते केव्हाच अडगळीत टाकलं होतं. ते गिऱ्हाइकाच्या हातात आपल्याच सदराचं कात्रण द्यायचे. माणूस वाचायला लागला की हे डोळे मिटून ऐकायचे. एखाद्याला लवकर नीट दिसायला लागलं तर त्यांना जरा वाईटच वाटायचं.

आता सोलापूरची गंमत सांगायची तर गाव त्यांचं सदर अगदी निष्ठेनं वाचत होतं. शनिवारी सकाळी चहाच्या गाड्यावर पहिला प्रश्न हाच, "बिभीषणराव काय म्हणत्यात?" फक्त गाव ते उलटं वाचत होतं. त्यांनी 'भडक' लिहिलं की फायटिंग चांगली आहे असं समजायचं. 'आचरट' म्हणजे पोट धरून हसायचं. 'रडका' असेल तर घरच्या बायकांना घेऊन जायचं आणि एक रुमाल जास्तीचा न्यायचा. 'संयत' किंवा 'तरल' असा शब्द दिसला की त्या टॉकीजच्या रस्त्यानंसुद्धा जायचं नाही. पूर्व भागातल्या विणकर घरांत तर त्यांचं मराठी तेलुगूत सांगताना आधीच उलटं करून सांगत, उगाच मधे वेळ जायला नको म्हणून. एवढं अचूक समीक्षण महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या शहराला मिळत असेल असं वाटत नाही.

अख्ख्या गावात ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस एकच होता. आपण ज्याला झोडपतो त्याच पिक्चरला गर्दी लोटते, हे बिभीषणरावांनी पाहिलं नव्हतं असं नाही. पण जनतेची अभिरुची घसरत चालली आहे, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला होता. मग ते दर आठवड्याला आणखी जोरानं झोडपत आणि अभिरुची आणखी घसरे. रत्नप्रभा टॉकीजचे मॅनेजर नागनाथ शिवशरण दर दिवाळीला त्यांच्याकडे मिठाईचा पुडा पाठवत आणि वर लिहीत, 'असाच लोभ असू द्यावा.' आपल्या लेखणीची टॉकीजवाल्यांना केवढी धास्ती आहे बघा, असं म्हणून बिभीषणराव त्यातली बर्फी खात.

तर अशा या माणसाच्या एकुलत्या एक लेकीनं, सुकन्यानं, पिक्चर काढला.

पोरगी पुण्याला शिकायला गेली होती, तिथंच राहिली, आणि मित्रमैत्रिणींना हाताशी धरून, कुणाचा कॅमेरा, कुणाची गाडी असं करत तिनं 'साडेसात एचपी' नावाचा सिनेमा पुरा केला. शूटिंग सगळं उजनीच्या काठावर, बापाच्याच गावात. बापाला मात्र तिनं गोष्ट सांगितली नाही. "पडद्यावर बघा, अप्पा," एवढंच म्हणाली.

नागनाथनं पिक्चर लावला, पण धंद्याचं बोलायला तो कचरला नाही. "सुकन्याताई, दुपारचा एक खेळ देतो. ऐतवारपतोर माणसं आली तर फुडचा आठवडा तुमचा. न्हाई आली तर सोमवारी साऊथचा मारामारीवाला लावणार. माझा बी मालक हाय की." पुण्याच्या वितरकानं तर स्वच्छ सांगितलं होतं की सोलापूरच्या पोरीचा पिक्चर सोलापुरातच चालला नाही, तर बाकीची गावं हात लावणार नाहीत. म्हणजे तीन दुपारी रत्नप्रभा भरलं तर पोरीचा सिनेमा जगणार होता, नाहीतर डब्यात जाणार होता.

संपादकांनी बिभीषणरावांना सुचवून पाहिलं की या वेळचं परीक्षण दुसऱ्या कुणाला लिहू द्या, घरचा मामला आहे. बिभीषणराव ताठ झाले. "समीक्षकाला लेक नसते," ते म्हणाले. घरी येऊन त्यांनी हेच वाक्य केसरबाईंना ऐकवलं.

"मग जेवायला बी समीक्षकाच्याच घरी जावा," केसरबाई म्हणाल्या आणि ताकाची लोटी उचलून आत घेऊन गेल्या. त्या शुक्रवारी बिभीषणराव अगदीच रिकाम्या पोटी टॉकीजला गेले.

पिक्चर सुरू झाला आणि ते कडेच्या खुर्चीत सावरून बसले. पडद्यावर काठाचा गाळ होता, उन्हाळा होता आणि एक म्हातारी होती. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं हटतं आणि काठावरची साडेसात एचपीची पाण्याची मोटार कोरडी पडते. मग मोटार, पाईप, वायर सगळं ओढत पुन्हा पाण्यापाशी न्यायचं. पाणी पुन्हा हटतं, पुन्हा ओढायचं. म्हातारी हेच करते. तिची दोन्ही पोरं शहरात आहेत. ती मोटारीशी बैलाशी बोलावं तशी बोलते. सुरू करण्याआधी पंपात पाणी ओतताना लुगड्याचा पदर दातात धरते आणि म्हणते, "पी माजे बाय, तू प्यालीस तर मला पाजशील."

बिभीषणरावांनी रुमाल काढला, पण तो दातात धरायचं राहून गेलं. ते म्हाळसाबाईंचं वाक्य होतं. म्हाळसाबाई म्हणजे त्यांची आई, जी गावीच राहिली, काठावरच म्हातारी झाली आणि गेली. हे दुकान, गिऱ्हाइकं, शुक्रवारचे खेळ यांतून उठून त्यांनी तिची मोटार कधी एक हातभर ओढली नव्हती. सुट्टीत आजीकडे जाणाऱ्या नातीनं मात्र सगळं बघून ठेवलं होतं. बिभीषणराव रडले. ओरखडा शोधायचं त्यांच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. आणि हे फक्त आईमुळे झालं असंही नाही, पिक्चर खरोखरच चांगला होता. शेजारच्या रांगेतला कॉलेजचा एक पोरगा त्यात हसत होता आणि डोळे पुसत होता, दोन्ही एकदम.

दुकानात परत येऊन त्यांनी एका बैठकीत परीक्षण लिहून काढलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातून 'सुंदर' हा शब्द कुणाची टर न उडवता उतरला. तारे दिले साडेचार. अर्धा कापला तो केवळ लोक काय म्हणतील म्हणून. आणि छपाईला पाठवण्याआधी, नागनाथच्या पुढ्यात टाकावं आणि आणखी एक खेळ मागून घ्यावा, म्हणून ते कागद घेऊन रत्नप्रभाला गेले.

नागनाथनं उभ्याउभ्या वाचलं. वाचता वाचता तो खाली बसला.

"सर, ह्ये छापायला दिलं का?"

"आता देतोय."

"देऊ नका. पाया पडतो तुमच्या. पोरगी बुडंल की!"

"काय बोलताय तुम्ही? साडेचार तारे आहेत."

"तेच म्हणतोय मी. अडीच दिले तरी माझा हॉल रिकामा जातो, हितं तर साडेचार!" नागनाथनं कपाळावरचा घाम पुसला. आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "सर, रागावू नका. लोकं तुमचं उलटं वाचत्यात. तुमी भिकार म्हटलं की आमच्याकडं रांग. मागं तुमी त्या नदीवाल्या पिक्चरला तरल म्हटलावतात, आठवतंय का? शनवारी तीन माणसं आली. दोघं नवंनवं जमलेलं जोडपं, त्यांना अंधार पायजे हुता. आन एक औषधकंपनीवाला, त्याला एसीत झोप पायजे हुती."

"खोटं."

"खोटं बोलून मला काय मिळायचंय? आमचे मालक तर बुकिंगच्या खिडकीपाशी तुमचा फोटू लावणार हुते. मीच नगं म्हटलं, तुमाला वाईट वाटंल म्हणून."

बिभीषणरावांनी कागद हिसकावून घेतला आणि ते तडक दुकानात आले. मनात म्हणत होते, टॉकीजवाल्याला समीक्षेतलं काय कळतं? दुकानात अक्कलकोट रोडचे महेश्वरअप्पा नव्या चष्म्यासाठी थांबले होते. बिभीषणरावांनी सवयीनं त्यांच्या नाकावर चष्मा चढवला आणि गेल्या शनिवारचं कात्रण हातात दिलं. महेश्वरअप्पा कागद लांब धरून, मग जवळ धरून वाचू लागले, "'आचरट विनोदांचा उकिरडा... मेंदू घरी ठेवून... कोणत्याही सभ्य माणसाने...' वा वा!" त्यांचा चेहरा उजळला. "लई भारी दिसतोय की हो! नंबर बराबर लागला बघा. ह्यो पिक्चर अजून लागलेला हाय का गेला?"

बिभीषणराव स्टुलावर बसले. महेश्वरअप्पा कधी गेले, ते त्यांना कळलं नाही.

अपमान तर होताच. इतकी वर्षं ज्याला आपण धाक समजलो ती करमणूक निघाली. पण अपमान कुरवाळत बसायला वेळ नव्हता, पेपरचा माणूस संध्याकाळी कागद न्यायला येणार होता. खरं लिहावं तर हॉल रिकामा, सोमवारी मारामारीवाला. काहीच लिहू नये तर पिक्चर लागलाय हेच कुणाला कळणार नाही, आपल्या सदराशिवाय त्याची जाहिरात होतीच कुठं? पोरीला बोलवावं, विचारावं, असं एकदा मनात आलं. पण विचारायचं काय? 'बाई, तुझ्या बापाच्या कौतुकानं तुझं वाटोळं होतंय, तर काय करू?' हे फोनवर कसं बोलणार? त्यांनी पहिला कागद फाडला आणि दुसरा घेतला.

चांगल्याला वाईट म्हणणं त्यांना सोपं जायला हवं होतं, आयुष्य त्यातच गेलं होतं. त्या दिवशी मात्र हात चालेना. शेवटी त्यांनी गावाचीच भाषा वापरली. ज्यानं रडवलं होतं त्याला 'रडका' म्हटलं. ज्यानं हसवलं त्याला 'आचरट'. 'एक म्हातारी आणि एक मोटार, याखेरीज या चित्रपटात काही नाही, आणि ही म्हातारी थिएटरच्या बाहेर आल्यावरही पिच्छा सोडत नाही,' असं लिहिलं. 'बायाबापड्यांनी तर तिकडे फिरकूच नये.' तारा एक. तोही अर्धा करून पाहिला. तरी त्यांचं समाधान होईना. जितकं कडू लिहू तितक्या खुर्च्या भरतील, हा हिशेब आता डोक्यात बसला होता. मग त्यांनी शेवटी एक वाक्य जास्तीचं घातलं, 'दिग्दर्शिका सुकन्या वाघमोडे यांना आमचा एकच सल्ला आहे. कॅमेरा हे आपले काम नव्हे, तो खाली ठेवावा.'

संपादक खूश झाले. पोटच्या पोरीलाही सोडलं नाही म्हणून त्यांनी परीक्षण चौकटीत टाकून पहिल्या पानावर घेतलं.

शनिवारी केसरबाईंनी पेपर वाचला आणि नवऱ्यापुढे गरम शेंगापोळी ठेवली, वर तुपाची धार. "बेस केलं. चांगलं झोडपलंत."

बिभीषणरावांचा घास हातातच राहिला. "म्हणजे तुलाही माहीत होतं?"

"आक्ख्या सोलापूरला म्हाईत हाय."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुमी लिहायचं सोडलं असतंत. मग आमी पिक्चर कुणाच्या सल्ल्यानं बघायचे?" केसरबाईंनी आणखी एक पोळी वाढली.

दुपारी रत्नप्रभावर जत्रा लोटली. बिभीषणरावांनी आजवर पुष्कळांना झोडपलं होतं, पण इतकं कधीच नाही, आणि तेही स्वतःच्या पोरीला! त्या अर्थी त्यात काहीतरी जबरदस्त असणार, असं सगळ्या गावाचं एकमत झालं. चादरवाल्यांनी दुकानं पोरांवर सोपवली. बायका तर घोळक्यानं आल्या, फिरकू नये असं बजावलंच होतं ना! रविवारी नागनाथला जास्तीचा खेळ लावावा लागला. बाहेर पडणारे लोक नाक ओढत बाहेर पडत आणि घरी जाऊन शेजाऱ्याला पाठवत. म्हणजे पुढची गर्दी पिक्चरनं स्वतःच्या जोरावर ओढली होती. पुण्याच्या वितरकाचा फोन आला, बार्शीला आणि पंढरपूरला लावतो म्हणून.

सुकन्या रविवारी दुपारी पुण्याहून आली. बिभीषणराव टॉकीजच्या पायऱ्यांवर उभेच होते. वर 'हाऊसफुल्ल'ची पाटी होती. दोन दिवस त्यांनी मनात ठरवून ठेवलं होतं, पोरगी ही पाटी बघेल, मग आपण तिला सगळी हकीकत सांगू, दोघं मिळून गावाला हसू. त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं.

"बघितलं, अप्पा," सुकन्या म्हणाली. "चांगलं झालं."

तिचे डोळे सुजलेले होते. बिभीषणरावांचं बोट खाली आलं.

"अगं, ते लिहिलं ते खरं नाही. लोक माझं उलटं वाचतात. मला परवाच कळलं. हॉल भरावा म्हणून लिहिलं मी तसं."

"लोक उलटं वाचत्यात ते मला शाळंपासनं म्हाईत हाय, अप्पा."

"मग झालं तर!"

"वर्गातल्या पोरी हसायच्या तुम्हाला. मी भांडायचे त्यांच्याशी." पायऱ्यांवरून बायकांचा घोळका खाली आला, तिला वाट द्यावी लागली. "मी कधीच उलटं वाचलं नाही. तुम्ही भिकार म्हणलात की मला तो पिक्चर भिकारच वाटायचा. पिक्चर कसा बघायचा ते मी तुमच्या त्या सदरातनं शिकले. काल सकाळी फोनवर वाचलं, ते बी सुलटंच वाचलं. कॅमेरा खाली ठेवावा, म्हणून."

"सुकन्या, पिक्चर चांगला आहे गं. लई चांगला हाय. मी रडलो त्यात."

तिला खरंच विश्वास ठेवायचा होता, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. "काल छापून एक सांगितलंत, आज तोंडानं दुसरं सांगताय," ती म्हणाली. "ह्यातलं कुठलं उलटं वाचू, अप्पा?"

बिभीषणरावांनी साडेचार ताऱ्यांच्या कागदासाठी खिसा चाचपला, पण तो तर त्यांनीच फाडला होता. इतकी वर्षं ते लिहीत आले होते, पण आपण चांगलं म्हटलं तर ते कुणाला खरं वाटावं, अशी एकही सोय त्यांनी स्वतःपाशी करून ठेवली नव्हती.